फळ्यावर दुसरं नाव तुमचं

मास्तर,

या श्रावणात तुम्हाला जाऊन चौदा वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुम्हाला चार शब्द लिहावेत असं कधी वाटलं नाही, आणि आज लिहायला बसलोय तेही मायेनं नाही, रागानं. संस्थान विलीन झालं, वाड्यावरचं निशाण बदललं, तेव्हा आपल्या क्लबाचाही इतिहास कुठंतरी लिहून ठेवावा असं नव्या सेक्रेटरीच्या मनात आलंय. क्लबाच्या खोलीत फळा लावायचा, त्यावर आजवरच्या सगळ्या फुटबॉल-मास्तरांची नावं रंगवायची, आणि प्रत्येक नावापुढं एक ओळ, त्यानं काय केलं त्याची. नावं चारच. पहिलं हवालदारांचं, दुसरं तुमचं, तिसरं पुण्याहून आणलेल्या, पोरांना बूट घालून खेळवणाऱ्या त्या बूटवाल्याचं आणि चौथं माझं. सेक्रेटरी तुमच्या वेळी रांगत असेल. त्यानं ठरावांच्या जुन्या वहीतून ओळी काढल्या आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना बघितलंय, एकदा नजर घाला आणि सही करा." हवालदारांपुढं लिहिलंय, शिस्तीचा पाया घातला. माझ्यापुढं लिहिलंय, क्लब पुन्हा उभा केला. तुमच्यापुढं लिहिलंय, यांच्या हलगर्जीपणामुळे पुण्याचा अंतिम सामना गमावला. नऊ वर्षं टीम सांभाळलीत तुम्ही, आणि तुमच्या वाट्याला ही ओळ.

हवालदारांचा पाया काय होता ते त्यांच्या हाताखाली खेळलेली माणसंच जाणोत. गोल खाल्ला की मैदानाला वीस फेऱ्या, आणि गोल मारला तरी दहा, कारण माज यायला नको. ते पेन्शन घेऊन गावी गेले तेव्हा कमिटीला नवा माणूस सापडेना. फुटबॉलचे नियम ठाऊक असलेला अख्ख्या भोरात एकच इसम होता, बाजारपेठेतला शिंपी. तुम्ही तरुणपणी पुण्याला कॅम्पात पलटणीचे कपडे शिवायचात, आणि गोऱ्यांना खेळायला गडी कमी पडला की मशीन सोडून मैदानात उतरायचात. एवढ्या भांडवलावर कमिटीनं तुम्हाला टीम दिली, तीसुद्धा "तात्पुरती". ते तात्पुरतं नऊ वर्षं चाललं. त्या नऊ वर्षांत क्लबाचं नाव पार साताऱ्यापर्यंत गेलं, आमच्याशी म्याच म्हटलं की लोक चार कोस चालत यायला लागले, पण वहीत तुमच्या नावापुढचा तो शब्द कुणी खोडला नाही. आज सेक्रेटरीनं वही दाखवली तेव्हा मी बघितला, अजून आहे तिथं.

मी तुमच्याकडं आलो तेव्हा वखारीत कामाला होतो. सातवी पास झालेला, पासलीसारख्या डोंगरातल्या गावाहून आलेला, बाजारपेठेतल्या पोरांना वचकून असणारा गडी. नदीकाठी तुम्ही मला पळताना बघितलंत आणि म्हणालात, "ह्येचे पाय चिखलात वाढल्यात, पावसाच्या म्याचला हाच पायजे." बूट तुम्ही कुणालाच घालू दिले नाहीत. "पाय म्हंजे फुटबॉलवाल्याचा हात हाय. त्येला चामड्यात कोंबून आंधळा करू नगा." संध्याकाळी खेळ झाला की सगळी टीम तुमच्या मागच्या दारी. तुमची घरवाली, आम्हा सगळ्यांची चाची, चुलीपुढं बसलेली असायची आणि हुलग्याचं माडगं मोठ्या पातेल्यात रटरटत असायचं. आमच्यातले दोघे-तिघे सुरुवातीला मुसलमानाच्या घरचं म्हणून खायला बिचकायचे. चाची त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही, नुसती वाटी पुढं सरकवायची. "प्यायचं तर प्या, न्हाईतर बसा तसंच. ज्येला भूक हाय त्यो पितोय." महिन्याभरात तेच दोघे पातेलं पुसून प्यायला लागले.

तुम्ही मला मारलंत ते एकदाच. आंबवड्याच्या टीमबरोबर खेळताना मी तीन गड्यांना चकवून एकटाच पुढं गेलो आणि चेंडू घालवला. माझ्या डाव्या हाताला आपला गडी मोकळा उभा होता, हे मला दिसलं होतं. खेळ संपल्यावर तुम्ही कापड मोजायचा गज पिंढरीवर असा हाणलात की चार दिवस वळ होता. "चेंडू तुझ्या बाची जहागिरी हाय व्हय? बघाय आलेल्या मानसांसाठी खेळतोस का टीमसाठी?" मी रडलो नाही, पण दुसऱ्या दिवशी आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही वखारीत आलात आणि काही न बोलता उरलेल्या खाकीची शिवलेली एक चड्डी माझ्या पुढ्यात टाकून गेलात. मापही घेतलं नव्हतंत, तरी बरोबर बसली. तो गज मी विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण तुम्ही माझ्यातलं नेमकं काय ओळखलं होतंत ते मला आता कळतंय.

आणि मग ते साल. पुण्याच्या स्पर्धेत आपण फायनलला पोचलो. भोरात पेढे वाटले. समोर पलटणीची टीम, आणि म्याच नेमकी भरपावसात, डोंगरात भाताची लावणी चाललेली असताना. मी तुमच्या दुकानात आलो. तुम्ही कुणाच्या तरी लग्नाचा कोट कापत होता. मी म्हणालो, "मास्तर, लावणी झाल्याबिगर बा सोडायचा न्हाई. मला गावाला जायाला लागंल." तुम्ही कातर खाली ठेवलीत. मी नसलो तर पुढची फळी लंगडी, हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि मलाही. तुम्ही मला रागावला असतात, जा म्हणाला असतात, दुसरा गडी घेतला असतात, तरी चाललं असतं. तुम्ही विचारलंत, "किती मानसं लागतील?" मी म्हणालो, आठ-दहा. तुम्ही हसलात. "मंग आपुन अकरा हाय की. इर्जिक करू."

इर्जिक म्हणजे आमच्याकडं काय, ज्याचं रान त्यानं जेवायला घालायचं आणि बाकीच्यांनी फुकट राबायचं, आणि असं एकेकाचं रान उरकत जायचं. पण ती भावकीत होते, शेजाऱ्यापाजाऱ्यात होते. भोरच्या बाजारातली टीम एका शिंप्याच्या मागं दिवसभर पावसात चालत पासलीला इर्जिकीला आलेली कुणी ऐकली नव्हती. बा तर खुळ्यासारखा बघतच राहिला. "आवं मास्तर, कशापायी एवढा तरास!" तुम्ही धोतर खोचून खाचरात उतरलात आणि म्हणालात, "तरास कसला, तुमचं पोरगं आमाला लई कामाचं हाय." दोन दिवस. मला अजून दिसतं, बांधावर अख्खी पासली उभी आहे. बाया तोंडाला पदर लावून हसतायत, आमचा गोलकी तोंडघशी चिखलात पडलाय, शाळामास्तर असलेला बॅक रोपांची जुडी उलटी धरतोय, आणि तुमची रोपं मात्र शिवण घातल्यासारखी एका रेषेत चाललीयत. आईनं सगळ्यांना पत्रावळींवर वाढलं. मी बांधावरच्या पाटलाच्या पोराकडं बघत होतो, तो माझ्याकडं बघत होता. त्या दोन दिवसांइतका आनंद मला पुढं कुठल्याच गोलानं दिला नाही.

जे झालं ते डोंगरातल्या कुठल्याही शेंबड्या पोरानं आधीच सांगितलं असतं. दोन दिवस खाचरातल्या पाण्यात उभं राहिलं की सवय नसलेल्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात, टाच टेकवत नाही. माझे पाय लहानपणापासून निबर झालेले, मला काही झालं नाही. बाजारातल्या सात जणांचे पाय कुजले. तुम्ही कापडातला माणूस, तुम्हाला कसं कळणार? पण मला कळत होतं, मास्तर. पहिल्याच दिवशी दुपारी गोलकी बोटं खाजवायला लागला तेव्हा मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो, कारण अजून अर्धं रान राहिलं होतं आणि बांधावर माणसं होती. परतीच्या वाटेवर सगळे लंगडत होते. चाचीनं रात्रभर तेल-हळद लावली, तुम्ही प्रत्येकाचे पाय फडक्यानं बांधलेत. पुण्याला पाच गोल खाल्ले आपण. समोरच्यांच्या पायात बूट, आपल्या पायांत रक्तानं भिजलेली फडकी. हाफटाइमला तुम्ही गोलकीचं फडकं सोडलंत आणि नुसते बघत बसलात. माझे पाय धड होते म्हणून मी पळत होतो. लोक म्हणाले, एकटा पासलीवाला लढला.

चौथ्या दिवशी कमिटी बसली. मला बोलावलं, तुम्ही आधीच भिंतीशी उभे होता. अध्यक्षांनी विचारलं, "टीमला पासलीला कुणी नेलं?" मी म्हणालो, "मास्तरांनी." हे खरंच होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि तू काय म्हणालास?" मी म्हणालो, "मी काय म्हननार? मास्तर म्हनले चला, आमी गेलो." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. रागानं बघितलं असतंत तर मी आज इतका जळलो नसतो. तुम्ही अध्यक्षांना म्हणालात, "व्हय. मीच नेलं. पोरांचा दोस न्हाई." कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आपल्यातला असता तर असं केलं नसतं." त्या "आपल्यातला" शब्दावर सगळ्यांच्या माना हलल्या. तुमच्याच घरी नऊ वर्षं माडगं पिणारे दोन खेळाडू त्या खोलीत होते, त्यांच्याही हलल्या. तुम्ही खिशातून चेंडूंच्या पेटीची किल्ली काढलीत, टेबलावर ठेवलीत आणि निघून गेलात. तुमच्या मागून जाणं सोडा, मी दारापर्यंतसुद्धा आलो नाही.

मला तुमचा राग येतो तो यासाठी, मास्तर. का गप्प बसलात? "ह्या पोरानं अडवलं म्हणून गेलो" एवढं एक वाक्य बोलला असतात, तर मला शिव्या बसल्या असत्या, दोन वर्षं टीमबाहेर बसलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुम्ही मला वाचवलंत आणि जन्मभर अडकवून ठेवलंत. पुढं त्या बूटवाल्यानं वर्षभरात टीमची पार वाट लावली, तेव्हा कमिटीला मी आठवलो. का, तर मी आपल्यातला. मी नाही म्हणालो नाही. तुम्ही शिकवलेलं तेच मी पोरांना शिकवतो, तुमचीच वाक्यं बोलतो, आणि लोक म्हणतात, काय डोकं आहे! तुम्ही गेलात तेव्हा तीन वर्षं मी तुमच्या दुकानावरून गेलो नव्हतो, मागच्या बोळातून जायचो. मातीला आलो. दाराशी चाची होती. ती मला एवढंच म्हणाली, "तुझ्याबद्दल कधी वंगाळ बोलले न्हाईत." आत ये म्हणाली नाही. ती आता कामथडीला भावाकडं असते. हे पत्र तिच्याकडं धाडलं तर कुणीतरी तिला वाचून दाखवील, म्हणूनच धाडणार नाही.

फळ्याचा कागद मी सकाळीच सही करून दिला. तुमची ओळ होती तशीच आहे. खोडायला पेन टेकवलं होतं, पण खोडलं की सेक्रेटरी विचारणार, मग चूक कुणाची? मी अडून बसलो होतो, एवढं मी सांगूनही टाकलं असतं. लोक हळहळलेच असते, शेतकऱ्याचं पोर, बापाच्या शब्दाबाहेर कसं जाणार? पण बानं मला अडवलंच नव्हतं, मास्तर. इर्जिक ठरली त्याच दिवशी सकाळी बाजाराला आलेल्या माणसाबरोबर त्याचा निरोप आला होता, लावणीला भावकी येतीया, तू म्याच खेळून सावकाश ये. तो निरोप ऐकून मी तसाच तुमच्या दुकानात आलो आणि बा सोडत नाही म्हणालो. मला फक्त पासलीनं बघायला हवं होतं, की माझ्या एका शब्दावर भोरची टीम आमच्या खाचरात वाकते.