समुद्रतळाची भट्टी आणि तुमची कांडी

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या शेवटच्या डब्यात मी काय दिलं होतं तेही आठवत नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून हे नातीला सांगून लिहून घेतेय. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. एवढ्या शिकण्याचा एवढा तरी उपयोग.

येत्या परवा ती बोटीवर निघणार आहे. समुद्राच्या तळाला भेगा असतात म्हणे. पाणी त्यात उतरतं, खालच्या तापल्या खडकानं कढतं, खडकातलं लोखंड, तांबं, जस्त पोटात घेऊन वर उसळतं, आणि गार पाणी लागलं की काळ्या धुरागत दिसतं. बरंचसं तिथंच खाली बसतं, उरलेलं कणभर लांब वाहत जातं. त्या कणभराच्या मागं माझी नात चाललीय. हे ऐकल्यापासून दुपारी डोळा लागला की तुम्ही दिसता. शिरोलीच्या फौंड्रीत उभे आहात, डोक्याला ओला टॉवेल, आणि भट्टीभोवती पाणीच पाणी. तुम्ही साच्यात लोखंडाचा रस ओतता, धूर वर जातो, धुरातनं मासे जातात. मी उचगावातनं डबा घेऊन येते, पोहत. तुम्ही झाकण उघडता नि म्हणता, "पोरी, भाकरी भिजली की गं."

माझ्या बाळंतपणात तुम्ही उरलेल्या रसाची बोटाएवढी कांडी ओतून आणली होती, उशाखाली ठेवायला. लोखंड जवळ असलं की लेकराला काही बाधत नाही, म्हणालात. तिच्यावर माझी लेक झोपली, मग ही नात. म्हणून काल ती कांडी मी तिच्या समुद्राचं पाणी भरून आणायच्या बाटल्यांच्या खोक्यात हळूच सरकवली, तर ही केवढ्यानं ओरडली!

"आज्जी, ह्यात लोखंड? समुद्रात असतंय तेच एवढं थोडं! ह्याचा गंज उडाला तर मी समुद्र मोजू का तुझ्या आबाला?"

बाटल्या आम्लात भिजवून धुतलेल्या, एका पिशवीवर दुसरी पिशवी. हात लावायच्या आधी बांगड्या, अंगठी, सगळं उतरवायचं.

"म्हंजे सोवळंच की," म्हटलं. "आपल्यात कुणी पाळलं न्हाय, तू पाळ."

मग मॅग्नेशियमचं सांगत बसली. समुद्राच्या साध्या पाण्यात ते असतंच म्हणे. कढतं पाणी ते सगळं खडकालाच देऊन वर येतं. बाटलीत सापडलं तर समजायचं, बाहेरचं साधं पाणी मिसळलंय.

"व्हय, दुधात पाणी किती, एवढंच बघायला इतक्या लांब चाललीस?"

ती हसली. मला हसू आलं नाही. तिच्या अंगावर कसलंच लोखंड नसणार, आबा, आणि खाली तेवढं खोल पाणी.

कांडी आता माझ्याच उशाखाली आहे. हा कागदही तिथंच राहील. तुमच्या गावाला पोस्टमन जात नाही, आणि गेला तर परत यायचा नाही.

आणखी एक राहिलं. बोटीवर गारठा असतो म्हणून तिनं स्वेटर घेतलाय. त्याच्या काठात मी एक खिळा शिवलाय.

लिहिता लिहिता ही थांबली. उठली. स्वेटर आणि कात्री आणून माझ्या मांडीवर टाकली.

"तूच उसव."

उसवतेय, आबा. माझा हात थंडीनं कापतोय असं लिही, म्हटलं. ती म्हणते, "आज्जी, मे महिना हाय."