सात नंबरचा गेज

सोम. ३ फेब्रु. २००३
रांजणगाव. कंपनीत जर्मनीहून फॅक्स. पंपात बसणारे आपले पितळी बुश परत पाठवतायत. भोक बारीक, त्यांचा दांडा आत जात नाही. पेट्यांवर शिक्का ७ नंबरचा. म्हणजे माझ्या तपासणीच्या टेबलाचा.
मालक रागावले नाहीत. "त्यांचाच दांडा जाड आसंल," एवढंच म्हणाले.

मंगळ. ४
भोक मापायचा नवा गेज कपाटातून मागून घेतला. माझ्या जुन्या गेजची खुंटी भोकात सरकन जाते. नवी त्याच भोकात अडते. जुनी दोन वर्षं रोज घालून-काढून झिजली, आन् मला कळलं नाही. परवा जायच्या पेट्याही ह्याच गेजनं पास केल्यात.
जेवताना शेजारच्या टेबलावरच्या विमलताईंना सांगितलं. "गप ऱ्हा," म्हणाल्या. "ऑर्डर गेली तर टेबलं बंद व्हतील. माझ्या घरात दुसरं कोन कमावतंय?"


बुध. ५
काल घरी आबांपाशी विषय काढला. मेंढरं राखण्यात जन्म गेला त्यांचा, गेज ठाऊक नाही. सगळं ऐकून म्हणाले, "दिसलं नव्हतं तवर चूक व्हती. आता दिसलंय न्हवं?"
सकाळी मालकांपुढं दोन्ही गेज ठेवले. त्यांनी स्वतः वीसेक बुश लावून पाहिले. मग म्हणाले, "पेट्या फोडा."
विमलताई माझ्याकडं न बघता तपासायला बसल्या.

शुक्र. ७
कालचा ट्रक रिकामाच परत गेला. निम्म्याहून जास्त माल बाद. मालकांनी फॅक्समध्ये खरं काय ते लिहिलं आन् खाली मला सही करायला लावली. इंग्रजीत केली. अक्षर वाकडं आलं.

बुध. १२
उत्तर आलं. त्यांचा माणूस येऊन बघणार, तोवर माल पाठवू नका. पुढच्या ऑर्डरीबद्दल एक अक्षर नाही.
उद्यापासून चार टेबलं बंद. त्यात विमलताईंचं. माझं चालू, तपासायला कुणीतरी पाहिजे म्हणून. हे ऐकताना मान वर झाली नाही.
सुटताना दारात मालकांनी विचारलं, "परत आसं काही दिसलं तर सांगशील ना?"
विमलताई तिथंच चपला घालत होत्या.
मी लगेच व्हय म्हणाले नाही.