अनूच्या हातातली सुई

३ ऑगस्ट
अनूला नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणून अकरा दिवस झाले. सौ.च्या इन्सुलिनच्या सुया कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या करदोट्याला. अंघोळीलाही काढत नाही. पोरगी नर्स, अन् बाप तिच्यापासून सुया लपवतो. दवाखान्यात पेशंटची दुखणं थांबवायची इंजेक्शनं ती स्वतःला घेत होती, दीड वर्ष. आम्हाला वाटायचं, ड्यूटीनं थकते.

४ ऑगस्ट
आधी सौ.ला सुई अनूच द्यायची. आता मी. आज दोनदा टोचावं लागलं. सौ. भिंतीकडे पाहत राहिली. अनू दारातून म्हणाली, "बाबा, रोज एकाच जागी नका टोचू, गाठ होते." मी म्हटलं, "तू जा आत." गेली.

७ ऑगस्ट
अनू न्हाणीत वीस मिनिटं. दार वाजवलं. "काय करून राह्यली?"
"केस धुऊन राह्यली, बाबा."
ओल्या केसांनी बाहेर आली, माझ्यासमोर दोन्ही बाह्या वर केल्या. "पाहा."
पाहायला नको होतं. पाहिलं. डाग सगळे जुने.

९ ऑगस्ट
लालबर्र्याहून वहिनीचा फोन. "अनू घरी कशी काय? सुट्टीवर?" हौ म्हटलं. फोन ठेवल्यावर अनू म्हणाली, "बीमार होती म्हणा न. ते खोटं नाही." पेपर घेऊन बसलो. एक ओळ वाचली नाही.

१२ ऑगस्ट
दुपारपासून अनूच्या ओसरीत येरझारा. मग स्वतःच म्हणाली, "बाबा, आज मले एकटं सोडू नका."
छत्री घेऊन निघालो. वैनगंगेच्या पुलापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. तीनदा. पुलावर माझ्या शर्टाची बाही घट्ट धरून होती. माझा गुडघा सुजला. घरी आल्यावर तिनं दोनदा भात घेतला.

१६ ऑगस्ट
सकाळी सौ.ला दरदरून घाम, जीभ जड, मला ओळखेना. अनू धावत आली. "साखर आणा, पाण्यात! लवकर!" चमच्या-चमच्यानं पाजलं. मान धरून, गाल चोळत. "आई, गिळ. गिळ न व आई."
मग माझ्याकडे वळली. "किती दिलं होतं?"
चष्मा न लावता भरलं होतं. दहाच्या जागी वीस.
अनूनं सौ.चं बोट टोचून साखर तपासली, पंधरा मिनिटांनी पुन्हा. रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. सौ.ची नजर ठिकाणावर आली तेव्हा पहिलं वाक्य मला: "किल्ली द्या तिले."
दिली नाही.
इतके दिवस मी तिच्या हातावर नजर ठेवून होतो.

१७ ऑगस्ट
कपाट मीच उघडलं. सुई अनूच्या हातात दिली अन् बाजूला उभा राहिलो. तिनं मी टोचलेली जागा सोडून दुसरी निवडली. मग टोचली. सौ. म्हणाली, "झालं पण? समजलंच नाही."
अनूनं वापरलेली सुई माझ्या हातात परत दिली. "कुलूप राहू द्या, बाबा. मलेच पाहिजे ते. पण टोचीन मी."

२० ऑगस्ट
चार दिवस नीट. नीट असलं की जास्त भीती वाटते. का, ते कळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
बैहरच्या एका डॉक्टरबाईंकडे काम आहे. गरोदर बायांची नावं लिहायची, वजन घ्यायचं. औषधांना हात लावायचा नाही. अनूनं त्यांना सगळं सांगून टाकलं म्हणे, केंद्राचंही. तरी या म्हणाल्या. खोली तिथंच, एकटीनं राहायचं.
जेवताना तिनं विचारलं, "जाऊ का?"
म्हटलं, "तुझ्या मनावर आहे."
तिनं ताट सरकवलं. "माझ्या मनावर नका सोडू, बाबा. त्यालेच तर भेते मी."
सौ. माझ्याकडे पाहत होती. मी भात कालवत राहिलो, केव्हाचा कालवलेलाच होता.
आत ती बॅग भरते आहे की रिकामी करते आहे, आवाजावरून समजत नाही. बैहरची गाडी सकाळी सातला.