एका दिवसाचं कुलूप

भारतीताई,

तुम्ही माझं बदलापूरचं घर सोडलंत त्याला वर्ष झालं. हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणूनच खरं लिहू शकतो.

अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा मी म्हणालो होतो, "एक दिवस घर रिकामं करा, दाराला माझं कुलूप लागू दे, मग परत या. नियमच आहे तसा."

"काका, अण्णा अंथरुणातून उठत नाहीत. त्यांना कुठे नेऊ?"

तुमचे सासरे मात्र आतल्या खोलीतून हसले. "चल गं, तेवढाच हवापालट. मालकांना झोप तरी लागेल."

तुम्ही त्यांना रिक्षातून अंबरनाथला, नणंदेकडे बुवापाड्यात नेलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तिथेच वारले.

ताई, असा नियम नव्हता. एजंटाने मला आधीच सांगितलं होतं, "नवीन करार केला की झालं, कुणाला हलवायची गरज नाही." पण निवृत्तीचा सगळा पैसा त्या घरात घातला होता. भाडेकरू घर बळकावतात, ही भीती मनातून जात नव्हती. भेटायला आलो तेव्हाही मी नियमाचंच नाव पुढे केलं. तुम्ही मान डोलावलीत आणि मला चहा दिलात.

काल नव्या भाडेकरूचा करार संपला. "काका, घर खाली कधी करू?" त्याने विचारलं.

"काही हलवू नका," मी म्हणालो.

त्याने माझे आभार मानले. मला तिथे उभं राहवेना.

तुमचा अपराधी,
चिंतामणी दामले