रिठीतली माणसं

सोमवार, ९ डिसेंबर

रिठी गावं आमच्या सिकलसेल केंद्राच्या यादीतून उडवली. एकदाची! वरच्या ऑफिसचा फॉर्म पुन्हा परत आला होता. तुमची गावं आमच्या यादीशी जुळत नाहीत म्हणे. आमच्याकडे रिठी जास्त. आता रिठी म्हणजे काय — तलाठ्याच्या दप्तरात नाव आहे, पण गावात माणूस नाही. ओसाड गावातून सिकलसेलचा पेशंट कुठून येणार? आमच्या ऑपरेटर पोरीला, उर्वशीला, म्हटलं, काढून टाक. ती हात आखडून बसली. "काढू ना मॅडम? खरंच काढू?"

म्हटलं, मुहूर्त पाहायचाय का?

फॉर्म गेला. केंद्रामागच्या बांधीत, म्हणजे शेतात, धानाची मळणी चालू आहे. दिवसभर नाकात कोंडा.

मंगळवार, १० डिसेंबर



सकाळी रुखमा आली, पोरीला हाताला धरून. पोरगी म्हणजे हर्षा. सातवा महिना, अंग पिवळं, दोन पायऱ्या चढली तर धाप. हिमोग्लोबिन पाचाच्याही खाली. रक्त चढवावंच लागणार. रुखमाचा थोरला, मिथुन, सिकलसेलच्या याच आजारानं सप्टेंबरात गेला. त्याच्या मृत्यूची नोंद मीच केली होती. आता ही उरली.

उर्वशीनं हर्षाचं नाव टाकलं. काही नाही. मोबाइल नंबर टाकला. काही नाही. मी विचारलं, गाव कोणतं बाई?

"चिचबोडी रिठी," रुखमा म्हणाली. "इथी नाव बदललं का मॅडम?"

उर्वशी माझ्याकडे पाहीना. हळूच म्हणाली, "मॅडम, गाव काढलं तं गावासोबत मानसं बी गेली वाटते."

वाटत नव्हतं, गेलीच होती. सगळ्या रिठीतली सगळी! कागदावर ओसाड आणि जमिनीवर भरलेली गावं. हे मला ठाऊक नव्हतं का? चिचबोडीला मी स्वतः शिबिर घेतलं आहे. रुखमाच्या ओट्यावर बसून चहा प्याले आहे. फॉर्म भरताना मात्र तलाठ्याचं दप्तर खरं वाटलं!

घाबरण्याचं कारण वेगळंच. हर्षाला काही वर्षांपूर्वी चढवलेलं रक्त मानवलं नव्हतं. नागपूरच्या लॅबनं शोधून काढलं होतं की तिच्या अंगात रक्तातल्या एका विशिष्ट घटकाविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार झाली आहेत. कोणतं रक्त चालत नाही, ते त्या रिपोर्टात होतं. काहीतरी होतं एवढंच आठवतं. कोणतं ते आठवत नाही. लॅब कोरोनात बंद पडली. रुखमाकडचा कागद पेटीत उधईनं खाल्ला. आमच्याकडे होता तो कॉम्प्युटरमध्ये.

हर्षाला गाडी करून चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवली. सोबत रुखमा. जाताना म्हणाली, "तुमी हाव ना मॅडम." मी मान हलवली.

बुधवार, ११ डिसेंबर

चंद्रपूरहून कुलदीप आला. हा सगळा डेटाबेस त्यानंच बसवला. पोरगा हुशार, तोंडानं चुरूचुरू. आल्या आल्या उर्वशीला म्हणाला, "काऊन वं, गावच्या गाव उठवलं! धरनवाल्यांना बी एवढं जमलं नाई."

मी म्हटलं, हुकूम माझा होता. तिला बोलू नका. काम करा.

मला दुसऱ्या कॉम्प्युटरचा भरवसा होता. त्यात सगळं तसंच्या तसं उतरतं, असं यानंच सांगितलं होतं. आज म्हणतो, "उतरते ना मॅडम. इथी पुसलं का तिथी बी पुसलं. आरसा आहे थो. तुमी टिकली काढली तं आरशातल्या बाईच्या कपाळावर राहीन का?"

मग रोजचा बॅकअप! रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण येते, मी रोज पाहते. कुलदीपनं हार्डडिस्क लावली. रोजच्या तारखेची एकेक फाइल, ओळीनं, नावं बिनचूक. उघडली — रिकामी. त्याआधीची — रिकामी. त्याच्याही आधीची तशीच. डिस्क कधीचीच भरली होती. तरी फाइलचं नाव तयार होत होतं आणि हिरवी खूण उगवत होती.

"बदल टिपून ठेवणारी लॉग फाइल असते ना तुमची?" मी विचारलं. एवढं मलाही कळतं. जुनी चांगली प्रत घ्यायची, पुढचे बदल लॉगमधून ओळीनं चढवायचे, चुकीच्या एक पाऊल आधी थांबायचं.

तो खाली पाहत म्हणाला, "जागा नव्हती मॅडम. थे मी बंद करून ठेवली."

त्याच्यावर ओरडले. मग लक्षात आलं, बॅकअप होतो का हे मी रोज पाहिलं. परत आणता येतो का, हे एकदाही पाहिलं नाही. कोठीला कुलूप आहे की नाही तेवढं पाहायचं, आत धान आहे का ते पाहायचंच नाही!

गुरुवार, १२ डिसेंबर

आज मी स्वतः चंद्रपूरला. नागभीडवरून बस, खिडकीची काच नाही, कान बधिर.

हर्षाच्या रक्ताची नवी तपासणी झाली. त्यात प्रतिपिंडं दिसतच नाहीत! डॉक्टर तरुण आहेत, वाईट माणूस नाही. म्हणाले, "मॅडम, टेस्ट क्लिअर आहे. पिशवी मॅच होते. चढवतो."

मी म्हटलं, नका चढवू. ही प्रतिपिंडं काही वर्षांनी चाचणीत सापडेनाशी होतात. चुकीचं रक्त गेलं की आठवड्याभरात पुन्हा उसळतात आणि चढवलेलं सगळं फोडून टाकतात. अशा अवस्थेत पोटातलं बाळही जाईल.

"मला माहीत आहे. पण कोणती प्रतिपिंडं? कागद दाखवा. तुमच्या आठवणीवर मी पिशवी कशी निवडू?"

बरोबर बोलले. 

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. नंतर बिनारक्ताची ठेवणं जास्त धोक्याचं."

रुखमा खाटेखाली पोतं अंथरून बसली आहे. मला डब्यातली भाकर देऊ लागली. "खा ना मॅडम, तुमचं तोंड पाहा कसं झालं."  तिला अजून सांगितलेलं नाही की तिच्या पोरीचं नाव मी पुसलं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

काल रात्री परतले. केंद्रावर सकाळभर काही हाती नाही. उर्वशी रडून रडून कामाला बसली. तिला म्हटलं, डोळे पूस, की-बोर्ड ओला होईल. मग मीच बाहेर जाऊन उभी राहिले.

दुपारी कुलदीपचा फोन. जुलैत त्यानं आमचा जुना कॉम्प्युटर बदलला, तेव्हा माहिती हलवण्याआधी पूर्ण प्रत काढून आपल्या डिस्कवर ठेवली होती आणि विसरला होता. डिस्क घरी आहे. "आनू का?"

आणू का! पंख लावून ये म्हटलं.

त्यानं प्रत आधी वेगळ्या लॅपटॉपवर उघडली. चालू डेटाबेसला कुणाला हात लावू दिला नाही. बार सरकत होता, थांबत होता. उर्वशी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मी टेबलाची कड धरून उभी.

गावं आली. चिचबोडी रिठी आलं. हर्षा आली! तिच्या नावासमोर लॅबचा निष्कर्ष, अक्षर न् अक्षर. स्कॅन केलेला रिपोर्टही. तिथल्या तिथे डॉक्टरांना पाठवला आणि फोन करून वाचूनही दाखवला. त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं. "बरं झालं थांबलो," म्हणाले. "पिशवी मॅच दिसत होती, पण तिच्यात नेमका तोच घटक होता."

मग कुलदीपनं रिठीतली तेवढी माणसं निवडून चालू डेटाबेसात परत घातली. म्हणाला, "मॅडम, पन हे जुलैतली मानसं होत. जुलैनंतरचं यायच्यात काईच नाई. थे हातानं भरा, मंग चालू करू. दोन-चार दिवस लागन."

दोन-चार दिवस! रिठीतली माणसं उद्या गोळ्यांना येतील, त्यांना काय, तुम्ही नाहीच आहात असं सांगू? म्हटलं, आत्ता चालू करा. भरणं मागाहून होईल.

"पाहा बा," तो म्हणाला. चालू केलं.

शनिवार, १४ डिसेंबर

योग्य पिशवी नागपूरहून आली. दुपारपासून चढते आहे.

रविवार, १५ डिसेंबर

ताप नाही. बाळाचे ठोके चांगले. हर्षानं जेवण मागितलं म्हणे! आठवडाभर लक्ष ठेवावं लागेलच, तरी आज दुपारी जरा डोळा लागला. यापुढे दर महिन्याला प्रत उघडून, परत आणून पाहायची. हिरव्या खुणेवर जाणार नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

रुखमा चंद्रपूरहून पहिल्या बसनं थेट केंद्रावर आली. मी धसकले. म्हणाली, हर्षा चांगली आहे. मग पदराच्या गाठीतून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. केंद्राचा मेसेज होता, आपोआप जाणारा. 'मिथुन, तुमची तपासणी राहिली आहे. सोमवारी केंद्रावर या.'

जुलैत तो होता.

 कसंबसं सांगितलं, माझ्यानं तुमची सगळ्यांची नावं पुसली गेली, परत आणताना जुनी आली, चूक माझी, आत्ता दुरुस्त करते.

ती माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसली. "तिथल्या नर्सबाईनं वाचून दाखवलं," म्हणाली. "तीन महिन्यांत कोनी त्याचं नाव नाई घेतलं मॅडम. मले वाईट वाटन म्हनून. तुमीच बलावलं त्याले. सोमवार होता, म्हनून म्या आली."

उर्वशीनं मिथुनची नोंद उघडली. मृत्यूची तारीख — रिकामी.

"भरू ना मॅडम?" तिनं विचारलं. "खरंच भरू?"

मी म्हटलं, मला नको विचारू. त्यांना विचार.