तोलेडोचा नळ

रविवार, सांजच्याला, मे २०१६

आज म्या लई वंगाळ काम केलं. लातूरची आम्ही दहा-बारा माणसं स्पेनातलं तोलेडो नावाचं जुनं गाव बघायला एका दिवसाच्या सहलीला गेलो. गाईडबाईचं इंग्रजी थोडंफार मला एकट्यालाच कळतं, म्हणून समजावून सांगणारा मीच. चौकात नळ धो-धो वाहत होता. बाई कुण्या राजाचं सांगत होती. मी ठोकून दिलं, "बाई म्हणती, नळ आता जाणार हाय!"

झालं! लातूरच्या माणसाला अजून काय पाहिजे? बाटल्या, डबे, माझ्या आत्याचा निळा कॅन, समदी रांग लागली. एक गोरा म्हातारा मधी आला तर आत्या म्हणली, "ओ मामा, घुसू नका, नंबर लावा!" त्यानं गुमान लावला. हसून हसून माझं पोट दुखलं.

पण भरता भरता बसची येळ झाली अन् खालच्या नदीवर जायचं ऱ्हाऊनच गेलं. आमच्या मांजरा नदीत नुसती वाळू. वाहत्या नदीत पाय बुडवायचे म्हणूनच तर आत्या आली होती.

बसमधी वाटलं, आता रडंल. तर तिनं निळा कॅन मांडीवर घेतला अन् पहिला घोट मलाच दिला. "नदी ऱ्हाऊ दे रे. तू सांगितलंस म्हणून पाणी तर घावलं."

घोट घेतला अन् खिडकीतनं मागं बघत ऱ्हायलो. नळ तर तिथं अजून चालूच असंल.

हे पान कुणाला घावलंच तर पाया पडतो, आत्याला सांगू नका.