कडब्याच्या गंजीत शिरलेल्या मोटरीचा खुलासा

मुक्काम बेलवाडी, भाद्रपद वद्य तृतीया, फसली सन १३४३

राजमान्य दाजी सुंदरराव यांसी, धाकटा मेहुणा राधाकिशन याचा पाय शिवून रामराम. इकडं समदे खुशाल हायेत. मायचे गुडघे तेवढे कुरकुरतात, म्हैस व्याली, मूग बरा झाला. तुमचा कडबा एव्हाना पुन्हा रचून झाला असेल.

दारची गंजी मोडून मोटर आत कशी शिरली, असं तुम्ही जरा कडक शब्दांत विचारलंत, म्हणून मुळापासून सांगतो. ही उतारूंची मोटर बीडहून पाटोद्याला सरळ सडकेनं जायची. नारायणगडच्या जत्रेसाठी वळली, ती जत्रा उठली तरी वळतच राहिली. आमच्या वेशीत पहिल्यांदा आली तेव्हा सारजाबाई पाटलिणीनं तिला ओवाळलं अन् बंकट डायवरला शिरा वाढला. दुसऱ्या दिवसापासून मोटरीची वाट आमच्या गावातून. पलीकडच्या वाडीनं पुरणपोळी केली, की आठवडाभर तिकडून. (कचेरीत नकाशा असेलही, वाट मात्र बंकटच्या पोटावर ठरते.) आम्ही शिऱ्यात तूप वाढवलं अन् मोटर परत आणली.

एवढा आटापिटा कावून, ते तुम्हाला ठाऊक हाय. चार वर्षांमागं आमच्या बैलगाडीत तुमची कंबर धरली, तेव्हा तुम्ही भर ओसरीत बोललात की मोटर माझ्या दारात उभी राहील त्या दिवशीच तुझ्या आक्काला, केसरला, माहेरी धाडीन. बेलवाडी ते सांगवी अंतर दीड कोसाचं, पण तुमच्या शब्दापुढं ते काशीइतकं झालं. माय दर दिवाळीला आक्काचं लुगडं घेऊन पेटीत ठेवते. चार झाली. अन् मोटर आपल्या दोन गावांमधल्या ओढ्यापाशी येऊन माघारी फिरायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बंकट आमच्याकडं मुक्कामाला होता. बैलांचे खांदे हळद-तुपानं मळताना गावात विचार निघाला, की मोटरही राबतेच की. तिलाही हळद-तूप लावलं, झूल घातली. कुणीतरी बैलगाडीसारखं चाकांच्या आतपर्यंत एरंडेल चोपडलं. सकाळी मोटर निघाली अन् वेशीखालच्या उतारावर ब्रेक धरीना. बंकट भोंगा वाजवत ओढ्यातून पार झाला, तो थेट तुमच्या दारात कडब्यानं धरला. कुणाला खरचटलं न्हाई. आक्कानं त्याला पाणी दिलं, थालीपीठ-दही वाढलं म्हणे, अन् आता त्याची रोजची वाट सांगवीवरूनच हाय.

तर दाजी, मोटर तुमच्या दारात उभी राहिली, गाव साक्षीला हाय. कडबा दोन गाड्या भरून पाठवतो. तुम्ही दिवाळीला आक्काला घेऊन या.

तुमचा,
राधाकिशन

ता. क. बंकट आमच्यावर लई रागावलाय, आमच्या वेशीत पाऊल टाकीत न्हाई. आमची मोटर गेली ती गेलीच. तुम्ही ओढ्यापाशी उतरा. पुढं अर्धा कोस तीच बैलगाडी. खाली कडबा जास्त घालीन.

आणखी एक. एरंडेलाबद्दल मी पंधरा दिवस म्हाळू गुराख्यावर संशय घेतला. काल मायनं कबूल केलं. पहाटे उठून तिनंच चारी चाकांना चोपडलं अन् मोटरीला म्हणाली, जा बाई, माझ्या केसरला घेऊन ये. ब्रेक म्हणून काही असतं हे तिला ठाऊक नव्हतं. पाचवं लुगडं तिनं कालच आणवलं.